वोर्शिला खाणीतला उलटा बिल्ला

१

सोमवारी सकाळी मरीया पॅलेस या औषधी स्नानगृहाच्या टबांत येणारे पाणी आधी बारीक झाले, मग नळ दोनचारदा गुरगुरले आणि थांबले. अर्ध्या भरलेल्या टबांत पडलेली म्हातारी माणसे तशीच छताकडे बघत राहिली. होर्नोव गावच्या पाण्यात हलायचे नसते. हलले की पाण्यातला गुण उडून जातो, असे डॉक्टर पहिल्याच दिवशी दटावून सांगतात, आणि गुडघ्यांसाठी एवढ्या लांब आलेली माणसे मुकाट्याने ऐकतात.

गावाला मात्र त्याच क्षणी कळले. वोर्शिला खाणीच्या तळातून हे पाणी वर चढवणाऱ्या पंपाची धडधड होर्नोवमधल्या प्रत्येक घराच्या फरशीत असते. बाळे तिच्यावर झोपतात. ती बंद पडली तशी बेकरीवाली पीठ भरल्या हातांनी दारात आली, पोस्टातले लोक पायरीवर आले, आणि सगळे एकमेकांची तोंडे बघू लागले.

यंत्रावरचा पाव्हेल खाली उतरला. उतरण्यापूर्वी त्याने सवयीने फळ्यांवर नजर टाकली. खाणीच्या तोंडाशी दोन फळ्या ठोकलेल्या आहेत, एक ‘वर’ आणि एक ‘खाली’. खाणीत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला ‘वर’च्या फळीवरून काढून ‘खाली’च्या फळीवर टांगायचा, आणि बाहेर आल्यावर परत जागेवर लावायचा. खाणीतून चांदी निघत असे त्या काळापासून हीच पद्धत आहे. ‘खाली’ची फळी मोकळी होती, म्हणजे खाणीत चिटपाखरू नव्हते. पाव्हेलने आपला बिल्ला तिथे टांगला आणि खाणीत उतरवणाऱ्या पाळण्यात बसला.

तळाच्या हौदात, पंपाच्या जाळीला पाठ लावून एक माणूस उभ्याउभ्या तरंगत होता. डोक्याला मोठी खोक, गळ्यात कातडी पिशवी. शुक्रवारपासून बेपत्ता असलेला, आणि प्रागला परत गेला असे सगळ्यांनी धरून चाललेला सर्वेक्षक राडिम स्मोला तो.

शनिवारी आणि रविवारी अख्खे मरीया पॅलेस त्याच पाण्यात पडून होते. हे लक्षात आल्यावर वरच्या मजल्यावरची एक बाई किंचाळायला लागली ती दुपारपर्यंत थांबली नाही.

२

ब्लांका हाम्पलोवाला या गावी तपासाला यायचे नव्हते. जिल्ह्याच्या पोलिसांत तिला पंधरावीस वर्षे झाली होती, पण होर्नोवचे प्रकरण आले की ती काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याच्या गळ्यात टाकी. या खेपेस कप्तान रेझेकने ऐकले नाही. “तू तिथली आहेस. तिथले लोक परक्याला ताकास तूर लागू देत नाहीत. आणि काम फारसं उरलेलंच नाही, आरोपी सापडलाय,” तो म्हणाला.

आरोपी म्हणजे मरीया पॅलेसचा संचालक ओल्द्रिख टिखी. सरकार बदलल्यावर हा ब्र्नोहून आला, आणि आल्याआल्या गावाचे सोने करायला निघाला. डोंगराने आधी चांदी दिली, मग काचेला पिवळा रंग देणारी माती, मग रेडियम, मग सैनिकांच्या पहाऱ्यात निघणारे युरेनियम. आता डोंगर पोखरून संपला होता आणि उरले होते ते कोमट पाणी, जे पॅलेसमध्ये आणून आणखी तापवावे लागे. टिखीचे म्हणणे, नुसत्या पाण्यावर किती दिवस जगणार? बंद पडलेला जुना बोगदा उघडा, दिवे लावा, प्रवाशांना डोक्यावर टोप्या घालून फिरवा. बोगदा धोक्याचा नाही, एवढी सही त्याला स्मोलाकडून हवी होती. स्मोला म्हणत होता, बोगदा अडवणाऱ्या चिणलेल्या भिंतीपलीकडे बघितल्याशिवाय सही नाही. त्यावरून गुरुवारी जेवणघरात दोघांचे असे वाजले की वाढणाऱ्या पोरी थाळ्या घेऊन दारातच थबकल्या.

शुक्रवारी दोघे मिळून खाणीत उतरले आणि टिखी एकटा वर आला. हौदाच्या काठावर टिखीची विजेरी मिळाली. रेझेकला एवढे पुरेसे होते.

कोठडीत बसलेला टिखी एका रात्रीत अर्धा झाला होता. त्याने विजेरी स्मोलाला वापरायला दिली होती, त्याला भिंतीपाशी ठोकाठोकी करत सोडून तो वर आला होता, आपला बिल्ला जागेवर लावला होता, स्मोलाच्या बिल्ल्याला हात लावला नव्हता. तेच तेच तो पुन्हा सांगत राहिला.

“मला या गावात कुणी ओळखत नाही, बाई. माझ्या बाजूनं एक माणूस बोलणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “बुधवारी आरोपपत्र जाईल आणि तुम्ही सगळे मोकळे.”

खोटे कशाला सांगायचे, ब्लांकालाही तोच हवा होता. परका, चकचकीत बुटांचा, तिच्या वडिलांच्या थडग्याचा तमाशा मांडायला निघालेला. कारण तो बोगदा तिच्या वडिलांचे थडगेच होता. अठ्ठावन्न साली डोंगर बसला तेव्हा यारोस्लाव हाम्पल आणि त्याची तुकडी आत राहिली. ब्लांका तेव्हा सहा वर्षांची होती.

कोठडीतून ती थेट वेन्देलीन क्राउसकडे गेली. हा वोर्शिलाचा खाणमास्तर. नात्याने कुणी नव्हे, वडिलांच्या पाळीतला जोडीदार. पण वडील गेल्यावर आईने अंथरूण धरले, तेव्हापासून शाळेत सोडण्यापासून लग्नात हात धरून चर्चमध्ये नेण्यापर्यंत जे काही बापाने करायचे ते सगळे यानेच केले. त्याने स्वतः लग्न केले नाही.

वेन्देलीनने बटाट्याचे सूप तापवून पुढे ठेवले. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या होत्या.

“हे काय झालं, काका?”

“तळाच्या नळानं पोळलं. म्हातारपणी हात वेंधळे होतात.” त्याने हात मांडीवर घेतले. “तू लवकर जा बघू परत, द्राहुश्का. टिखीनं केलंय, सगळं गाव म्हणतंय. इथली हवा तुला कधी मानवली नाही.”

द्राहुश्का म्हणजे लाडकी. त्याच्याखेरीज तिला तसे कुणी म्हणत नसे. तिने भिंतीविषयी विचारले. स्मोलाला पलीकडे काय सापडले असते?

“दगड. सगळा डोंगर बसलाय तिथं, उंदराला शिरायला वाट नाही. किती वेळा सांगितलंय तुला, तुझा बाबा एका झटक्यात गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.”

या एका वाक्यावर ती लहानपणी झोपत आली होती. आजही तिला बरे वाटले. फक्त उठताना तिने पाहिले की म्हाताऱ्याने सुपाला तोंड लावले नव्हते.

३

स्मोलाच्या पिशवीतले सामान नगरपालिकेच्या एका खोलीत टेबलावर वाळत घातले होते. मोजपट्टी, हातोडी, छिन्नी, भिजून लगदा झालेली ओप्लातकीची पुडी. त्या पातळ गोड पापड्या इथे आलेला प्रत्येक पाहुणा घरी नेतो. आणि एका कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे एक चेपलेले झाकण. शिपायाने त्यापुढे ‘कचरा’ अशी चिठ्ठी लावली होती.

ब्लांकाने झाकण सहज उलटे केले आणि तिचा हात तसाच राहिला.

झाकणावर लाल रंगाचा कोंबडा होता. रंग बराच उडाला होता, पण तुरा होता, आणि तीनच पिसांची शेपटी होती. चौथे पीस काढताना आईला शिंक आली होती आणि सगळे हसले होते. खाणीतले डबे सगळे सारखे दिसतात, बदलतात, म्हणून आईने बाबांच्या डब्यावर तो काढला होता. तो डबा घेऊन बाबा त्या दिवशी खाली गेले होते.

म्हणजे स्मोला भिंतीपलीकडे पोचला होता. आणि पलीकडे नुसता दगड नव्हता.

तिने झाकण खिडकीपाशी नेले. त्याची एक कड पार झिजून पात्यासारखी झाली होती, आणि दुमडीत जुना चुना घट्ट बसला होता. कोसळलेल्या दगडाशी झटून अशी कड होत नाही. विटांच्या सांध्यातला चुना कुणी खरवडत बसले, फार वेळ, दुसरे काही हाताशी उरले नाही म्हणून, तर होते.

ब्लांकाने ‘कचरा’ची चिठ्ठी फाडली. झाकण तिने रुमालात गुंडाळून घेतले. बाबा झटक्यात गेले नव्हते.

४

खाणीच्या तोंडाशीच छोटे संग्रहालय आहे, आणि ते दाखवायला ओतिलिए बेरान्कोवा असते. तिचा नवरा ब्लांकाच्या वडिलांच्याच तुकडीतला. सत्तरी उलटली तरी बाई प्रवाशांना चांदीची नाणी, युरेनियम काढणाऱ्या कैद्यांच्या टोप्या आणि रेडियमच्या बाटल्या दाखवते, आणि शेवटी फळ्यांपाशी आणून सोडते.

ब्लांकानेही फळ्या पाहिल्या. ‘वर’च्या फळीच्या डाव्या टोकाला बिल्ल्यांची एक अख्खी रांग उलटी होती, आकडा भिंतीकडे आणि कोरी पाठ बाहेर. होर्नोवची ही रीत. खाणीत मेलेल्याचा बिल्ला ‘खाली’ ठेवत नाहीत, नाहीतर डोंगर त्याला सोडत नाही म्हणतात. तो ‘वर’ आणून लावायचा आणि त्याचे तोंड भिंतीकडे करायचे. त्यानंतर तो नंबर कुणालाही द्यायचा नाही. वडिलांचा बिल्ला वेन्देलीननेच तिला खांद्यावर बसवून दाखवला होता.

उजव्या टोकाला पाहुण्यांचे बिल्ले. त्यातलाही एक उलटा होता.

“स्मोलाचा हा कुणी उलटवला? तुम्ही?”

“मी?” ओतिलिएच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “अगं, होर्नोवच्या बाईनं फळीला हात लावलाय कधी? माझ्या नवऱ्याचा बिल्ला इथं आहे, त्यालासुद्धा मी आजवर शिवलेली नाही. धूळ बसते तर फुंकर घालते.”

“मग प्रेत सापडल्यावर कुणी तरी मानानं फिरवला असेल.”

“सापडल्यावर कुठला? शनिवारी जर्मन पाहुणे आले होते, त्यांना फळी दाखवायला गेले तर हा उलटा! मी तशीच मागे सरले. म्हटलं, असेल कुणा टवाळाचं काम, आणि गप्प बसले.” आपण काय बोलतो आहोत हे आता तिच्या ध्यानात येऊ लागले. तिने हळूच खुर्ची पुढे ओढली. “शनिवारी तर तो गेला असं कुणालाच ठाऊक नव्हतं, नाही का?”

एकाला ठाऊक होते. त्याने शुक्रवारी स्मोलाचा बिल्ला ‘खाली’वरून काढून ‘वर’ लावला, कुणी शोधायला उतरू नये म्हणून. पाळीवाला ‘खाली’ची फळी मोकळी आहे ना एवढेच बघतो, भरलेली फळी कुणी निरखत नाही. डाव चोख होता. पण बिल्ला लावताना हाताने डोक्याला विचारले नाही. मेलेल्याचा बिल्ला हातात होता, आणि हाताने तो मेलेल्यासारखा लावला.

टिखीने लावला असता तर स्वतःचा लावला तसाच सुलट लावला असता. त्याला ही रीत कुठून माहीत? पाव्हेलला नाही, यंत्रावरच्या बाकी पोरांनाही नाही. ती सगळी अलीकडे बाहेरून आलेली, आणि त्यांच्या काळात खाणीत कुणी मेलेच नाही. महायुद्धानंतर अर्धे गाव निघून गेले, जुन्या खाणकामगारांना त्यांच्या छातीतल्या धुळीने नेले. ज्याच्या हातात ही सवय मुरली आहे असा कोण उरला?

“ओतिलिएबाई, ही रीत ठाऊक असलेली गावात किती माणसं आहेत आता?”

म्हातारीने ‘वर’च्या फळीकडे पाहिले. मग तिने एप्रनचे टोक डोळ्यांना लावले.

“मी आहे,” ती म्हणाली. “आणि तुझा काका.”

५

पोळलेली बोटे ब्लांकाला संग्रहालयाच्या जिन्यावर आठवली. वोर्शिलाचे पाणी कोमट असते. पॅलेसमध्ये नेऊन तापवल्याशिवाय त्यात कुणाची बोटे पोळत नाहीत. ओला चुना मात्र कातडी खातो, कुणी फोडलेली भिंत रात्रभर पुन्हा चिणत बसला तर.

ती तिथूनच रेझेकला फोन करू शकली असती. तिने केला नाही. उद्या टिखीवर आरोप ठेवला जाणार होता, आणि ती गप्प राहिली तर कुणी तिला विचारायला येणार नव्हते. हा विचार तिच्या मनात आला, चांगला ठाण मांडून बसला, आणि तो घेऊनच ती वेन्देलीनच्या दारात उभी राहिली. म्हणाली, मला भिंतीपाशी न्या.

त्याने कारण विचारले नाही. दोघांनी बिल्ले ‘खाली’ टांगले. बोगद्याच्या तोंडाशी टेकवलेली पहार त्याने उचलून घेतली. पंप पुन्हा सुरू झाला होता, पण इथे, त्याच्या इतक्या जवळ, धडधड कानांपेक्षा दातांत जाणवत होती. हौदाच्या काठावरून जाताना ब्लांका पुढे होती आणि तो मागे. त्याचे पाऊल एकदा थांबले. तिने वळून पाहिले नाही, चालत राहिली.

भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात विटांचा एक तुकडा काळसर, ओलसर दिसत होता. तिने बोट टेकले. चुना अजून मऊ होता.

“फोडा,” ती म्हणाली.

वेन्देलीनने पहार उचलली. दिव्याच्या उजेडात तिची सावली छतापर्यंत गेली, आणि पहार नेमकी कशावर पडणार हे ब्लांकाला क्षणभर खरेच कळेना. मग ती विटांवर पडली. चारदोन घावांत कोपरा मोकळा झाला. ब्लांकाने दिवा आत धरला.

आतून भिंत बाहेरच्यासारखी नव्हती. माणसाच्या छातीच्या उंचीला सांध्यांतला चुना सगळा खरवडला होता, ओरखडेच ओरखडे, आणि काही विटा हलवून हलवून सैल केलेल्या होत्या. खाली अंधारात काय होते ते तिने बघितले, आणि दिवा मागे घेतला.

“किती वेळ?” तिने विचारले.

“दुसरी पाळी संपेपर्यंत ठोकत होते.” वेन्देलीन पहारीवर रेलला होता. “मागून पाणी चढत होतं. हा बोगदा तोंडाशी बुजवला नसता तर तळाशी सगळी पाळी बुडाली असती, पोरी. अधिकारी म्हणाला, चिणा. विटा मी लावल्या. तुझा बाबा माझ्या नावानं हाका मारत होता. शिव्या नाही दिल्या त्यानं. नुसतं नाव घेत होता.”

“आणि स्मोला?”

“भला माणूस होता. तुझ्या बाबाचं झाकण घेऊन बाहेर आला, रडत होता. म्हणाला, यांच्या माणसांना कळायला पाहिजे. मी पाया पडलो त्याच्या. म्हटलं, यातल्या एकाची पोर मला काका म्हणते. जगात दुसरं काही नाहीये माझ्याकडं. तो म्हणाला, तिला तर आधी सांगायला हवं.” त्याने पट्ट्या बांधलेले हात पुढे धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. “मी ढकललं. पंपाच्या कडेवर डोकं आपटलं. मारायचं नव्हतं मला, पण बाहेर काढायला हातही दिला नाही.”

ब्लांकाला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच पहारीने त्याचे डोके फोडावेसे वाटले. दोन्ही अगदी खरे होते.

“मला कसं ओळखलंस?” त्याने विचारले. “चुन्यावरून?”

“चुना नंतर. तुम्ही त्याचा बिल्ला उलटा लावलात, काका. शुक्रवारीच.”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरोखरच माहीत नव्हते. मग त्याने डोळे मिटले.

“आणि बाबांचा?” ती म्हणाली. तिचा आवाज आता तिलाच ओळखू येत नव्हता. “त्या दिवशी तुम्ही विटा लावून वर आलात, तेव्हा खाली ठोकणं चालू होतं. बचाव तुकडी फळीपाशी उभी असेल, हो ना? बाबांचा बिल्ला तेव्हाच उलटवलात, त्यांना सोडवायला कुणी उतरू नये म्हणून?”

त्याने होकाराची मान हलवली. एवढीशीच.

दोघे पाळण्यातून वर आले. बाहेर ओतिलिए उभी होती, आणि तिच्यामागे पाव्हेल. वेन्देलीनने त्यांच्याकडे पाहिले आणि जुन्या सवयीने खाणीचा नमस्कार घातला, “झ्दार बूह.” ओतिलिएने तोंड फिरवले. त्याने ‘खाली’च्या फळीवरून आपला बिल्ला काढला, ‘वर’च्या खिळ्यापाशी नेला, आणि जरा थांबून त्याचे तोंड भिंतीकडे वळवले.

ब्लांकाने त्याचे मनगट धरले.

“सुलट लावा, काका. माणूस जिवंत असताना उलटा लावायचा नसतो.”

त्याने बिल्ला सुलट लावला. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी खिळा दोनदा चुकला, पण या खेपेस तिने मदत केली नाही. मग स्वतःचा बिल्ला जागेवर लावून ती टिखीला सोडायला सांगण्यासाठी फोनकडे गेली.